पिवळी काचपट्टी आणि काळे पॅनल

यंदा आमच्या गल्लीत आणखी तीन घरांच्या गच्चीवर सोलर पॅनल बसले. लातूरहून नांदेडला एस.टी.ने येताना खिडकीतून पाहिले तर शेतांच्या कडेलाही त्या काळ्या-निळ्या पाट्या दिसतात. विहिरीवरची मोटार आता त्यांच्यावर चालते. परवा आमच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "हे सगळे बाहेरच्यांनीच शोधले ना हो? यात आपल्या माणसांचे काय?"

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. सेमीकंडक्टर म्हणजे काय हे मला पुस्तकातून आणि घरच्या मुलांकडून समजून घ्यावे लागले. पण प्रश्न इतिहासाचा होता, त्यामुळे तो डोक्यातून जाईना. बाईंना तिथल्या तिथे उत्तर दिले ते असे, की आपल्या माणसांचे यात बरेच आहे, आणि त्यातले थोडे तर आपल्या नांदेडच्या विष्णुपुरीतही आहे, पण ते गच्चीवरच्या पॅनलात दिसत नाही. त्या "म्हणजे काय?" म्हणाल्या. त्याचे सविस्तर उत्तर इथे लिहीत आहे. रस्त्यावर उभे राहून सांगण्यासारखे ते नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाने १८३९ मध्ये पाहिले. १८८३ मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ पापुद्रा चढवून घट बनवला. पण उन्हातल्या शंभर भागांपैकी एखादाच भाग विजेत बदलायचा. पुढची सत्तर वर्षे ही गोष्ट कुतूहलापुरतीच राहिली.

मग आले १९५४ साल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डॅरिल चॅपिन नावाच्या इंजिनिअरपुढे एक साधी अडचण होती. उष्ण आणि दमट प्रदेशात टेलिफोनच्या यंत्रणेतल्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, त्यांना काहीतरी पर्याय हवा होता. म्हणजे बघा, सोलर सेलच्या जन्माचे एक कारण आपल्यासारख्या मुलखातले हवामान आहे! चॅपिनने आधी सेलेनियम वापरून पाहिले, ते जमेना. त्याच प्रयोगशाळेत जेराल्ड पिअर्सन आणि कॅल्विन फुलर हे सिलिकॉनवर काम करीत होते. तिघांनी मिळून सिलिकॉनचा घट बनवला आणि २५ एप्रिल १९५४ रोजी त्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला. कार्यक्षमता सहा टक्के होती.

हा घट कसा चालतो, हे आमच्याकडे विहिरीच्या भाषेत चांगले सांगता येते. मोटारीच्या पाइपाच्या तळाला फुटव्हॉल्व्ह असतो. पाणी वर येते, पण मागे जाऊ शकत नाही. सोलर सेलमध्ये दोन जातींचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि त्यांच्या सीमेवर असाच एक एकेरी दरवाजा तयार होतो. उन्हाच्या धक्क्याने सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्या दरवाजातून एका बाजूला जातात आणि परत येताना त्यांना बाहेरच्या तारेतून, म्हणजे तुमच्या दिव्यातून किंवा मोटारीतून, फिरून यावे लागते. बाकी सगळी कारागिरी तो दरवाजा नीट बसवण्याची.

आता एक गंमत ऐका. त्याच १९५४ साली अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत डी. सी. रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम सल्फाइड नावाच्या पिवळ्या पदार्थातूनही प्रकाशाने वीज मिळते असे दाखवले. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा फुटल्या. एक सिलिकॉनची, दुसरी या पिवळ्या पदार्थाची. शाळेच्या पुस्तकात पहिली येते, दुसरी येत नाही. आणि आपल्या महाराष्ट्रातली मंडळी नेमकी दुसऱ्या वाटेने गेली.

ती का गेली, हे कळायला सिलिकॉनची वाट किती खर्चाची आहे ते पाहावे लागेल. वाळूतल्या गारेसारखा दगड विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर वितळवायचा, निघालेले सिलिकॉन पुन्हा वायूच्या रूपात नेऊन शुद्ध करायचे, इतके की दहा लाख कणांत एखादाच परका कण उरावा. मग १४०० अंशांच्या वर ते वितळवून त्याचा एकसंध स्फटिक हळूहळू वर ओढायचा, आणि कागदापेक्षा थोड्याच जाड चकत्या कापायच्या. १९७७ साली अशा घटांची किंमत एका वॉटला ७६ डॉलर होती. शंभर वॉटचा बल्ब लावायचा तर साडेसात हजार डॉलर! ते उपग्रहांना परवडत होते, शेतकऱ्याला कसे परवडणार?

दुसरी वाट पातळ थरांची होती. सिलिकॉनला जाड चकती लागते, कारण तो प्रकाश सावकाश शोषतो. कॅडमियमच्या कुळातल्या काही पदार्थांना, किंवा तांबे आणि इंडियमच्या काही संयुगांना, केसापेक्षाही कितीतरी पातळ थर पुरतो. मग तो थर काचेवर चढवायचा कसा? श्रीमंत प्रयोगशाळा निर्वात यंत्र वापरत. बंद भांड्यातली हवा पंपाने तासन् तास उपसायची आणि आत पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसवायची. ही यंत्रे महाग आणि बहुधा परदेशी. त्यांना अखंड वीज हवी आणि थंड पाण्याचा अखंड पुरवठाही हवा. आमच्या भागात ज्यांनी लोडशेडिंगचे दिवस काढले आहेत त्यांना मी यावर अधिक काही सांगायला नको.

मग कोणी तरी म्हणाले असेल, थर द्रावणातूनच चढवला तर?

ही युक्ती खरे तर फार जुनी आहे. डब्लिनचे रसायनशास्त्रज्ञ जेम्स एमर्सन-रेनॉल्ड्स यांनी १८८४ मध्ये काचेवर शिशाच्या सल्फाइडचा चकचकीत थर द्रावणातून बसवल्याची नोंद आहे. (हे रेनॉल्ड्स वेगळे आणि १९५४ चे वेगळे. नावांचा योगायोग, दुसरे काही नाही.) त्यासाठी लागणारा थायोयुरिया हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला तोही याच डब्लिनच्या रेनॉल्ड्सनी. भारतात या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास दिल्लीच्या आय.आय.टी.त प्रा. के. एल. चोप्रा यांच्या गटाने केला. इंदरजीत कौर, डी. के. पंड्या आणि चोप्रा यांचा १९८० चा शोधनिबंध कॅडमियम सल्फाइडचा थर द्रावणात कसा वाढतो हेच सांगतो, आणि या विषयातले लोक आजही त्याचा हवाला देतात.

या पद्धतीला केमिकल बाथ डिपॉझिशन म्हणतात. प्रयोगशाळेतली मुले नुसते 'बाथ' म्हणतात. माझ्या भाचीची मुलगी विष्णुपुरीला एम.एस्सी. करीत होती, तेव्हा तिने मला हे समजावून सांगितले. "आजी, खडीसाखर कशी करतात?" असे तिने विचारले. मी म्हटले, दाट पाकात दोरा सोडून ठेवतात, हळूहळू खडे धरतात. "बस, तेच!" ती म्हणाली.

तिने सांगितलेली कृती अशी. बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे. त्यात अमोनिया घालायचा. मग गंधक पुरवणारा थायोयुरिया. स्वच्छ धुतलेली काचपट्टी त्यात उभी सोडायची आणि हॉटप्लेटवर साठ-सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापवायचे, म्हणजे चहाच्या आधणापेक्षाही कमीच. थोड्या वेळाने द्रावण पिवळे दिसू लागते आणि पट्टीवर मुगाच्या डाळीच्या रंगाचा पारदर्शक थर धरतो. काढायची, पाण्याने धुवायची, वाळवायची. झाला सेमीकंडक्टर.

मी विचारले, अमोनिया कशाला? तर कॅडमियम आणि गंधक समोरासमोर आले की एकमेकांवर झडप घालतात आणि दूध नासावे तसा सगळा चोथा तळाशी बसतो. अमोनिया कॅडमियमला मुठीत धरून ठेवतो आणि एकेक कण सोडतो. थायोयुरियाही गंधक एकदम देत नाही. दोन्हीकडून सावकाश येणारे कण काचेवर भेटतात, आणि थर घट्ट बसतो. किती अमोनिया, किती ताप, किती वेळ, यावर थराची जाडी आणि त्याचे कण ठरतात. सगळे कौशल्य या सबुरीत आहे.

लातूरकरांना तर हे आणखी सोपे सांगता येईल. बोअरच्या जड पाण्याने हंड्याच्या आत पांढरा थर धरतो ना? खरवडून निघत नाही असा? तोही द्रावणातूनच बसलेला असतो. (२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते पाणी प्यायलेल्यांना दोन पाण्यांतला फरक चांगला माहीत आहे. असो, विषय तो नाही.)

आता मिरजेचे नाव निघालेच आहे तर त्याच बाजूला, कोल्हापूरला जाऊ. महाराष्ट्रातल्या या विद्येचे माहेर तिथे आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात प्रा. एस. एच. पवार, प्रा. सी. एच. भोसले, प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील यांनी पातळ थरांच्या स्वस्त पद्धतींवर वर्षानुवर्षे काम केले. कोणी विजेच्या साहाय्याने द्रावणातून थर बसवला, कोणी तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून, कोणी बाथमध्ये. लोखंडे आणि पवार यांचा विद्युत-लेपनावरचा आढावा १९८९ मध्ये जर्मनीच्या नियतकालिकात आला. पाटलांचा फवाऱ्याच्या पद्धतीवरचा आढावा १९९९ चा. सोलापूरला, तेव्हा शिवाजी विद्यापीठाचेच पदव्युत्तर केंद्र होते, तिथे प्रा. एल. पी. देशमुख हेच काम करीत होते. सोलापूर विद्यापीठ स्वतंत्र झाले ते २००४ मध्ये.

माझे मत विचाराल तर, साधनांची टंचाई हे या मंडळींनी रडगाणे केले नाही, तो त्यांनी अभ्यासाचा विषय केला. 'स्वस्तात कसे होईल' हा प्रश्न अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दुय्यम होता, कोल्हापुरात पहिला होता. बीकर, हॉटप्लेट, वजनकाटा आणि काचपट्ट्या यांवर पीएच.डी. होऊ शकते म्हटल्यावर गावोगावच्या मुलांना दार उघडले. ज्या मुलांच्या घरी कोणी कॉलेज पाहिले नव्हते अशी मुले या विषयात डॉक्टर झाली.

आणि याच परंपरेतून नांदेडचा धागा निघतो. प्रा. लोखंडे यांचे विद्यार्थी राजाराम माने यांनी गुरूबरोबर एक आढावा लिहिला. 'मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात तो २००० साली छापून आला. विषय हाच, म्हणजे द्रावणातून सल्फाइड, सेलेनाइड वगैरे संयुगांचे पातळ थर बसवण्याची पद्धत. जगभरच्या हजाराहून अधिक शोधनिबंधांनी त्याचा हवाला दिला आहे. मला यातले गणित कळत नाही, पण एवढे कळते की चीनमधल्या, मेक्सिकोतल्या, तुर्कस्तानातल्या एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा बाथ लावायचा असला तर तो जे वाचतो त्यात कोल्हापुरात लिहिलेली पाने असतात. आमच्याकडे वारंवार उल्लेखल्या जाणाऱ्या पुस्तकाला आकरग्रंथ म्हणतात, तसे ते झाले आहे.

माने पुढे दक्षिण कोरियात सोलच्या हानयांग विद्यापीठात संशोधनासाठी गेले आणि मग नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलात प्राध्यापक झाले. लोखंड्यांचे दुसरे विद्यार्थी हबीब पठाण यांनी २००४ मध्ये गुरूबरोबर आणखी एका पद्धतीचा आढावा लिहिला. तेही हानयांगला होते, आणि पुढे पुणे विद्यापीठात शिकवू लागले. बाबासाहेब संकपाळ नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.त गेले. एका प्रयोगशाळेच्या फांद्या अशा राज्यभर पसरल्या. गायकीची घराणी आपण अभिमानाने सांगतो, कोण कोणाचा गंडाबंध शागीर्द ते पाठ असते. या घराण्याची नावे मात्र आपल्याला वर्तमानपत्रात दिसत नाहीत.

पठाण-लोखंडे यांच्या आढाव्यातली पद्धत मला फार आवडली, म्हणून दोन ओळी लिहिते. मूळ कल्पना फ्रान्समधल्या निकोलाऊ यांची, १९८५ ची. यात एकच बाथ नसतो, चार भांडी ओळीने असतात. पट्टी पहिल्या भांड्यात बुडवायची, तिला धातूचे कण चिकटतात. दुसऱ्यात साध्या पाण्याने विसळायची, म्हणजे सैल कण जातात. तिसऱ्यात गंधकाच्या द्रावणात बुडवायची, तिथे संयुग तयार होते. चौथ्यात पुन्हा विसळायची. झाली एक फेरी. अशा पन्नास, शंभर फेऱ्या करायच्या. भाचीची मुलगी म्हणाली, "आजी, सकाळी अकराला सुरू केले की दुपारचा डबा राहून जातो, मोजणी चुकली की परत पहिल्यापासून." मी म्हटले, आम्ही जप करताना मण्यांवर मोजतो, तुम्हीही माळ घ्या. ती हसली, पण दुसऱ्या दिवसापासून चिंचोके घेऊन गेली. प्रत्येक फेरीला एक चिंचोका वाटीत टाकायचा!

विष्णुपुरीबद्दलही थोडे. माझ्या वडिलांच्या पिढीला वरच्या शिक्षणासाठी हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात जावे लागे, आणि तेही उर्दूतून. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले. आणि नांदेडचे स्वतःचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून. लातूरचे उपकेंद्र त्याच विद्यापीठाचे. म्हणजे मुक्तीनंतर सेहेचाळीस वर्षांनी आमच्या मुलांना घरून डबा घेऊन जाता येईल अशा अंतरावर सेमीकंडक्टरची प्रयोगशाळा आली. ज्यांना हे कमी वाटते त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारावे.

तिथे माने यांच्या गटाने ज्यावर काम केले त्यात रंगाचे सोलर सेलही आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मायकेल ग्रॅट्झेल आणि ब्रायन ओ'रीगन यांनी १९९१ मध्ये ही जात पुढे आणली. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जे टायटॅनियम ऑक्साइड असते त्याचा सच्छिद्र थर काचेवर द्यायचा, तो रंगात भिजवायचा आणि मग प्रकाश शोषण्याचे काम तो रंग करतो, झाडाच्या पानात हरितद्रव्य करते तसे. जांभळाचा, जास्वंदीचा रंग घेऊनही लोकांनी असे घट करून पाहिले आहेत. वीज थोडी मिळते, आणि रंग टिकत नाही. पण शाळेच्या प्रदर्शनात ठेवायला याहून सुंदर प्रयोग नाही.

इथवर वाचून आमच्या त्या बाई नक्की म्हणतील, "मग गच्चीवर हे का नाही?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला गोडगोड उत्तर देऊ नये.

पिवळ्या वाटेचे झाले असे. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात १९८० मध्ये तांब्याचे सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइड यांच्या जोडीने दहा टक्क्यांची मजल ओलांडली. सगळ्यांना वाटले, आता सिलिकॉनला पर्याय मिळाला. पण त्या घटातले तांबे जागेवर राहत नव्हते, हळूहळू सरकत होते आणि घट म्हातारा होत होता. ती जोडी सोडून द्यावी लागली. कॅडमियम सल्फाइड मात्र वाचला, तो मदतनीस म्हणून. मुख्य प्रकाश शोषणारा थर दुसरा, आणि त्याच्यावर हा पिवळा थर खिडकीसारखा, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका. १९९३ मध्ये ब्रिट आणि फेरेकिडीस यांनी कॅडमियम टेल्युराइडच्या घटात १५.८ टक्के गाठले, तेव्हा त्यातला पिवळा थर बाथमधूनच काढलेला होता. जपानच्या सोलर फ्रंटियर कंपनीने तर कारखान्यातल्या पॅनलांसाठी बाथ वापरला, कॅडमियमऐवजी जस्त घेऊन. म्हणजे बीकरमधली विद्या कारखान्यापर्यंत गेली होती. गेली ती जपानमध्ये.

आणि तिथेही ती टिकली नाही. २००५ नंतर चीनने सिलिकॉनचे इतके प्रचंड कारखाने उभे केले की किंमत कोसळली. ७६ डॉलरची गोष्ट आता पाव डॉलरच्याही खाली आली आहे. सिलिकॉन महाग म्हणून पर्याय शोधणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. अमेरिकेतली सोलिंड्रा २०११ मध्ये बुडाली. सोलर फ्रंटियरने २०२२ मध्ये आपले पातळ थरांचे उत्पादन बंद केले. आज आपल्या गच्चीवर दिसते ते जवळजवळ सगळे सिलिकॉनच. पॅनल आपल्या देशात जोडलेले असले तरी आतल्या चकतीचे मूळ बहुधा चीनमध्ये असते.

शेतीपुरते बोलायचे तर या स्वस्ताईने भले झाले हे मान्य केलेच पाहिजे. रात्री बाराला लाइट येणार म्हणून कंदील घेऊन दंड धरायला जाणारी माणसे मी पाहिली आहेत. साप-विंचवाच्या भीतीने घरातली बाई जागी असायची. राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, ती शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला, २०२४ मध्ये सुरू झाला. ते पॅनल कोणत्या देशाच्या चकतीचे आहे हे दंड धरणाऱ्याने का विचारावे?

पण विद्यापीठाने मात्र विचारावे. माझ्या मते आपल्याकडे बीकर आणि कारखाना यांच्या मधले माणूसच नाही. काचपट्टी चार बोटांची असते. पॅनल दरवाजाएवढे. चार बोटांवर एकसारखा बसणारा थर दरवाजाएवढ्या काचेवर एकसारखा बसवणे, वीस-पंचवीस वर्षे उन्हापावसात टिकवणे, बाथमधले उरलेले विषारी कॅडमियम वाया न घालवता परत मिळवणे, ही वेगळी विद्या आहे. त्यासाठी पैसा, इंजिनिअर आणि तोटा सोसणारा कोणी मालक लागतो. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर होते, तेव्हा तो शोधनिबंध लिहितो. यात त्याचा दोष मी मानत नाही. कॅडमियमच्या बाबतीत मात्र मी थोडी कडक आहे. हा धातू शरीरात साठतो आणि मूत्रपिंडांवर बसतो. मुलांना हातमोजे आणि उरलेल्या द्रावणासाठी वेगळे पिंप देणे याला काही कोरियाला जावे लागत नाही.

आणि माणसांचे काय झाले? भाचीची मुलगी एम.एस्सी. झाली तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. पीएच.डी. करावी की बी.एड. करून मोकळे व्हावे. तिचे वडील बी.एड.च्या बाजूचे, मी उलट बाजूची. आमच्या घराण्यात दोनदा मतदान झाले, असे म्हणायला हरकत नाही. शेवटी तिने पीएच.डी.ला नाव नोंदवले आणि सध्या ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तासांप्रमाणे मानधन, तेही वेळेवर नाही, उन्हाळ्यात काहीच नाही. तिच्याबरोबरची दोन मुले कोरियात आहेत. तिचे वडील मला दर दिवाळीला विचारतात, "मावशी, सांगा, काय मिळाले?" मी त्यांना अजून पटेल असे उत्तर दिलेले नाही. इतकेच म्हणते, की नेमणुका थांबवल्या त्यांना विचारा, मुलीला विचारू नका.

तरी गोष्ट संपलेली नाही. २००९ मध्ये जपानचे त्सुतोमू मियासाका यांनी त्या रंगाच्या घटात रंगाऐवजी पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचे कण घातले. कार्यक्षमता आली ३.८ टक्के, कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत हीच जात पंचविशीच्या पुढे गेली. हा स्फटिकही द्रावणातूनच काचेवर धरतो, भट्टी लागत नाही. ओलावा त्याला सोसत नाही आणि त्यात शिसे असते, या अडचणी आहेतच. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. दिनेश काब्रा यांच्या गटाने सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा घट ठेवून तीस टक्क्यांच्या आसपास मजल मारल्याची बातमी २०२५ मध्ये आली. म्हणजे खाली काळी चकती, वर द्रावणातून धरलेला थर. एकाच वर्षी फुटलेल्या दोन वाटा सत्तर वर्षांनी अशा एकमेकींच्या शेजारी आल्या आहेत.

भाचीच्या मुलीने मध्यंतरी मला व्हॉट्सअॅपवर एक शोधनिबंध पाठवला. २०२१ चा, 'नेचर'मधला. अमेरिकेची एम.आय.टी. आणि कोरियाची एक संशोधन संस्था यांनी मिळून २५.२ टक्क्यांचा पेरोव्हस्काइट घट केला होता. त्यातला कथिलाच्या ऑक्साइडचा थर त्यांनी केमिकल बाथमधून काढला होता. इंग्रजी मजकूर माझ्या आवाक्याबाहेरचा, पण तिने कृतीच्या ओळीखाली लाल रेघ मारून पाठवली होती. कथिलाचा क्षार, थोडे आम्ल, आणि युरिया. खाली तिने लिहिले होते, "आजी, युरिया आपल्या कोठ्यात आहे, कथिलाचे बघते."